ताईच्या गाडीची थरथर

सर्व्हिसिंगहून आणलेल्या गाडीनं दुसऱ्याच दिवशी मला डेपोच्या सिग्नलला घाम फोडला. लाल दिवा लागला म्हणून गिअर काढून उभी राहिले, तर गाडी थरथरायला लागली. स्टिअरिंग, आरसा, माझे हात, सगळंच. समोरचा इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा, गाडी आता बंद पडणार असं वाटेपर्यंत खाली जायचा आणि दचकल्यासारखा वर उसळायचा. उकडत होतं म्हणून एसी लावला, तर गाडी बंदच पडली. तोवर दिवा हिरवा झाला. मागचा रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, "मावशी, उतरून ढकलू, की जाताय?"

गेले. गाडी पळताना अगदी गुणी होती. उभं राहायची वेळ आली की तिच्या अंगात यायचं.

गाडी माझी नाही, ताईची. ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. मी शाळेत गणित शिकवलं. तिनं भोसरीतल्या एका कारखान्यात तीस वर्षं यंत्रांचे सुटे भाग तपासले. तिच्या हाताखालून भाग गेला की तो पास तरी व्हायचा नाही तर परत जायचा, मधलं काही नाही. मी लग्न केलं नाही. मेव्हणे गेल्यावर ती कोथरूडला आमच्याच सोसायटीत, माझ्या समोरच्या इमारतीत राहायला आली. तिच्या स्वयंपाकघरातला दिवा माझ्या गॅलरीतून दिसायचा. मग तिचा मुलगा मेलबर्नला गेला. त्याला मुलगी झाली तेव्हा ताई सहा महिन्यांसाठी म्हणून तिकडे गेली. त्याला आता तीन वर्षं होत आली.

जाताना गाडीची किल्ली माझ्याकडे देऊन म्हणाली, "आठवड्यातून एकदा तरी फिरव. नुसती झाकून ठेवू नकोस."

मी फिरवली. बाजारात नेली, दवाखान्यात नेली, काहीच काम नसलं तरी नेली. आणि या डिसेंबरात ती येणार होती, म्हणूनच सर्व्हिसिंगला दिली होती. तिच्या घराच्या खिडक्या उघडून, गाद्यांना ऊन दाखवून, पिण्याच्या पाण्याचं फिल्टर बदलून झालं होतं. यादीत शेवटचं काम गाडीचं होतं. ऑइल बदला, प्लग बदला, हवेचा फिल्टर बदला, जे काय करायचं असतं ते सगळं करा, असं मी गॅरेजमध्ये सांगितलं होतं. त्यांनी ते सगळं केलं, आणि गाडी थरथरायला लागली.

मी परत गॅरेजमध्ये गेले. इस्त्रीच्या शर्टातला एक मुलगा कंप्युटरमागे बसला होता.

"मॅडम, गाडी पंधरा वर्षांची आहे."

"तिचं वय मला माहीत आहे. परवापर्यंत ती नीट उभी राहत होती."

त्यानं बसून ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन छान गुरगुरलं. "बघा, एकदम स्मूथ."

"पळण्याबद्दल माझी तक्रारच नाही. पाय काढा आणि बघा."

त्यानं पाय काढला. गाडी थरथरली. तो खाली उतरला आणि म्हणाला की हवा आत सोडणारा भाग खराब झाला असावा, तो आख्खाच बदलावा लागेल, पार्ट मागवायला हवा. "आणि खरं सांगू का मॅडम, आता नवीन घ्या."

मी सांगते म्हटलं आणि निघाले. येताना प्रत्येक सिग्नलला डावा पाय क्लचवर, उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर आणि टाच ॲक्सिलरेटरवर, अशी कसरत करत घरी आले.

ताईला काही सांगितलं नाही. तीन वर्षं सांभाळलेली गाडी ती यायच्या तोंडावर मी बिघडवली, हे सांगायला जीभ रेटेना. पण रविवारी सकाळी तिचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे दुपार झालेली असते आणि नात झोपलेली असते, म्हणून ती कुजबुजत बोलते. तीन वर्षांत तिच्या त्या कुजबुजण्याची मला सवय झाली होती.

"गाडी आली का सर्व्हिसिंगहून?"

"आली."

"कशी आहे?"

"बरी आहे."

"बरी म्हणजे?"

मी सगळं सांगून टाकलं. ती उठली, कुठलं तरी दार लावून घेतलं आणि मोठ्यानं म्हणाली, "सर्व्हिसिंगच्या आधी होतं का हे?"

"नाही."

"मग झीज नाही ती. कुणाचा तरी हात लागलाय. जिथे हात लागलाय तिथेच बघायचं. ओढणी घरी ठेव आणि खाली जा."

तिचा कारखान्यातला आवाज होता तो. किती दिवसांनी ऐकला. मी जिना उतरताना हसत होते.

बॉनेट उघडून मी फोन बॅटरीवर टेकवून उभा केला. तळमजल्यावरचे काका पेपर घेऊन चालले होते. ते थांबले, फोनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "ऑपरेशन परदेशातून चाललंय वाटतं. चालू द्या," म्हणाले आणि गेले.

आधी तिनं मला इंजिन बंद ठेवून प्लगच्या चारही वायरी एकेक करून दाबायला लावल्या. "टक असा आवाज येईपर्यंत दाब. घाबरू नकोस, मोडत नाही." चारही घट्ट बसलेल्या होत्या. गाडी सुरू केली. थरथर तशीच.

"आता मला ऐकव. फोन हळूहळू फिरव, पंख्यापासून लांब."

मी फोन इंजिनावरून फिरवला. तिनं आपला फोन कानाला लावला होता, त्यामुळे मला पडद्यावर फक्त तिचा कान दिसत होता. कानात आमच्या आईची कुडी होती. केस कानामागे पूर्ण पांढरे झाले होते. ती कॅमेऱ्यासमोर नीट बसून बोलते तेव्हा ते दिसत नाहीत.

"थांब. मागे ने. इथे काही तरी सूं करतंय. ऐकू येतंय का तुला?"

मला इंजिनाच्या घरघरीपलीकडे काही ऐकू येईना. मग फोन पुन्हा बॅटरीवर टेकवला आणि तिच्या सांगण्यावरून बागेच्या पाइपाचा हातभर तुकडा आणला. एक टोक कानाला लावलं आणि दुसरं इंजिनाच्या आसपास फिरवलं. हवेच्या फिल्टरच्या डब्यामागे टोक गेलं आणि कानात एकदम वारा घुसल्यासारखा आवाज झाला. वाकून बघितलं. बोटाएवढ्या जाडीची एक रबरी नळी आपल्या जागेवरून निसटून लोंबत होती. तिचं टोक चिरलेलं होतं, आणि ती जिथे बसायची तिथलं धातूचं तोंड उघडं पडलं होतं. मी ताईला तसं सांगितलं.

"फिल्टर बदलताना काढली आणि परत नीट बसवली नाही," ताई म्हणाली. "न मोजलेली हवा आत जातेय तिथून, म्हणून पेट्रोलचं गणित चुकतंय. त्या भोकावर बोट ठेव."

"चालू इंजिनात?"

"ठेव गं. खेचल्यासारखं वाटेल, पण काही होत नाही."

ठेवलं. भोकानं बोटाचं टोक आत ओढून धरलं, आणि गाडी शांत झाली. दोन-तीन श्वास घेतल्यासारखं करून काटा एका जागी येऊन थांबला असावा, कारण सगळी थरथर गेली. इतकी गेली की झाडावरचा पक्षी ऐकू आला. मी आनंदानं ओरडलेच, "ताई, थांबली!"

"ऐकतेय मी. बोट काढू नकोस. राहू दे जरा."

मी तशीच वाकून उभी राहिले. तिचा कान अजून पडद्यावर होता. मला वाटलं, तिला खात्री करून घ्यायची असेल. पण बराच वेळ झाला.

"मी डिसेंबरात येत नाहीये गं," ती म्हणाली.

मी बोट काढलं नाही.

"सूनबाईंना दिवस गेलेत. जानेवारीत बाळंतपण आहे. किती तरी दिवस झाले मला कळून. तुला सांगायचं म्हणून फोन करते आणि तू सांगतेस गाद्यांना ऊन दाखवलं. कसं सांगू?"

"मग उन्हाळ्यात ये."

"बघू."

आमच्या घरात 'बघू' कशाला म्हणतात ते आम्हा दोघींना लहानपणापासून माहीत आहे. माझे डोळे भरून आले. एक हात भोकावर, दुसऱ्यात पाइपाचा तुकडा, पुसायला हात नव्हता. शेवटी खांद्याला डोळे पुसले.

"गाडी तुझ्या नावावर करून घे," ती म्हणाली. "कागद मी सह्या करून पाठवते."

"मला गाडी नकोय."

"मग काय हवंय?"

म्हटलं, "नळी कशी बसवायची ते सांग. पाठ दुखायला लागली."

ती हसली. हसताना नाक ओढल्याचं मला ऐकू आलं. तिनं इंजिन बंद करायला लावलं. चिरलेलं टोक कात्रीनं कापून, उरलेली नळी तोंडावर पिळत पिळत चढवायला लावली, आणि क्लिप पुढे सरकवायला लावली. दोनदा माझी बोटं सटकली. "नापास," ती म्हणाली. तिसऱ्यांदा मी नळी ओढून दाखवली, ती जागची हलली नाही, तेव्हा म्हणाली, "हं. पास." गाडी सुरू केली. एसी लावला, दिवे लावले. गाडी जरा दबली आणि सावरली.

"आता लांब चक्कर मार. इतके दिवस चुकीच्या हवेवर चाललीये, तिच्या कंप्युटरला पुन्हा नीट सवय लागू दे. पाऊण तास तरी चालव." मागून नात उठल्याचा आवाज आला. ताई पुन्हा कुजबुजली, "जा आता. पोचलीस की सांग."

मी वारज्यावरून सिंहगड रस्त्याला लागले. खडकवासल्याच्या धरणापाशी रविवारची गर्दी होती. गाड्या आडव्या-तिडव्या लावलेल्या, पोरं पाण्याशी, कणसं भाजल्याचा धूर. ताईबरोबर आले की आम्ही इथूनच परत फिरायचो. तिला पुढचा रस्ता आवडायचा नाही, वळणं फार म्हणायची. मी वेग कमी केला. मला वाटलं डावीकडून ती म्हणेल, घे इथून वळवून. कुणी म्हणालं नाही. मी पुढे गेले.

पानशेतच्या दिशेला गर्दी संपते आणि पाणी बराच वेळ बरोबर येतं. एका वळणावर झाडाखाली एक म्हातारी बाई उकडलेल्या शेंगा घेऊन बसली होती. गाडी कडेला घेतली, इंजिन मुद्दाम चालूच ठेवलं.

"किती देऊ? एकल्याच हाय का अजून कोन हाय संगं?" तिनं वाकून गाडीत बघितलं.

मी म्हणाले, "बहीण आहे."

तिला गाडीत कुणी दिसलं नसणार. तरी तिनं दोन पुड्या बांधल्या आणि खिडकीतून दिल्या. शेंगा गरम होत्या, मीठ जरा जास्त होतं. मी पाण्याकडे तोंड करून त्या खात बसले. अर्धी पुडी संपल्यावर लक्षात आलं, पोचल्याचं सांगायचं राहिलं. फोन काढला. तिकडे आता नातीला बागेत न्यायची वेळ झाली असेल. तरी व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ वाजला, मग तिनं उचलला, धापा टाकत.

"कुठे आहेस?"

"धरणाच्या पुढे."

"पुढे? तिकडे कशाला गेलीस, वळणं किती आहेत!"

"हो," मी म्हणाले. "पण छान आहे इकडे. तुला दाखवू?"

आणि फोन उलटा करून पाण्याकडे धरला.