तळाची बाटली

लातूरच्या मोंढ्यात पोती उचलत मी वर आलो. पोत्याच्या तोंडाशी दिसणाऱ्या तुरीवर मी कधीच भरवसा ठेवला नाही. परखीची टोकदार नळी खोल खुपसायची, तळचा दाणा तळहातावर घ्यायचा, मगच भावाचं बोलायचं. असा मी, रेणापूरजवळच्या तलावात मासेमारीचा ठेका घेतला आणि पाण्याला मात्र परखी लावली नाही.

नांदेडच्या कॉलेजातल्या एक मॅडम दर महिन्याला माझ्या नावेतून फिरायच्या. खुणा केलेल्या दोरीला वजनदार बाटली बांधून वरचं, मधलं आणि तळचं पाणी घ्यायच्या. डोळ्यांना न दिसणारं शेवाळ कोणत्या ऋतूत कुठं किती वाढतं, ते त्यांना मोजायचं होतं. चैत्रात त्यांना परीक्षेचं काम लागलं. ‘काका, एवढ्या वेळी तुम्ही भरून पाठवा,’ म्हणाल्या. ऊन मरणाचं. मी काठावरच वाकून तिन्ही बाटल्या भरल्या. पाणी ते पाणी.

पंधरा दिवसांनी आभाळ भरून आलं, दिवसभर वारा सुटला आणि सकाळी मासे पोट वर करून तरंगत होते. पारावर उपसरपंच गरजला, “ठेकेदारानं औषध टाकलं! ठेका काढून घ्या ह्याचा!”

“तुझ्या बापानं टाकलं असंल!” मीही ओरडलो. दोघांना चौघांनी धरलं. ठेक्याचा फैसला सोमवारच्या बैठकीत होणार होता.

मी मॅडमना फोन केला. “तुमचा पाणी तपासल्याचा कागद घेऊन या.”

“कागद तुमच्या विरोधात जाईल, काका. चैत्रात तळाशीही वरच्याइतकंच हिरवं शेवाळ होतं. म्हणजे पाणी झकास होतं. मग मासे औषधानंच मेले, असं लोक म्हणतील.”

मी दोन मिनिटं कॉलेजच्या शिक्षणावर तोंडसुख घेतलं. मग खरं सांगून टाकलं.

मॅडमनी एवढंच विचारलं, “तूर घेताना असं करता का हो?”

सोमवारी त्या आल्या. कागद पर्समध्येच राहिला. उपसरपंचाला नावेत बसवून त्यांनी बाटली तळापर्यंत सोडली, वर ओढली आणि झाकण उघडून त्याच्या नाकाशी धरली.

“आयो! नासकी अंडी हायत का काय!”

मॅडम काठावर येऊन सगळ्यांना सांगू लागल्या. उन्हाळ्यात गरम पाणी वर राहतं, उजेड तिथंच, म्हणून शेवाळही तिथंच. खाली अंधार, हवा नाही. वाऱ्यानं त्यातलं बरंच पाणी एकदम वर आणलं आणि मासे गुदमरले. थंडीत पाणी हळूहळू ढवळतं, तेव्हा काही होत नाही.

ठेका राहिला. उपसरपंच ‘चुकलो’ म्हणाला नाही. अजून म्हणालेला नाही, आणि मी विसरलेलो नाही.

मॅडमच्या वहीत मात्र चैत्राच्या ओळीवर आडवी रेघ आहे. “अंदाजानं भरा की,” मी म्हणून पाहिलं. नावेचं भाडं माफ करतो म्हटलं, वर्षभर मासे पाठवतो म्हटलं. बाई जागची हलली नाही.

आता तळाच्या बाटलीची दोरी मीच धरतो.