दार अडवून बसलेल्या शेवंतामावशी

सकाळी अकराच्या सुमारास मंदाचा फोन आला, तेव्हा मी केंद्रातच होते. केंद्र पुन्हा उघडून जेमतेम तीन आठवडे झाले होते. भिंतींच्या रंगाचा वास गेला नव्हता आणि उद्घाटनाच्या झेंडूच्या माळा दारावर वाळत होत्या. मंदा ही शेवंतामावशींची लेक. ती रडत नव्हती. "मॅडम, आई गेली. वट्ट्यावर बसल्या जागी फिट आली, मंग उठलीच न्हाई," एवढंच म्हणाली. त्या फिट कशामुळे येत होत्या हे आम्हा दोघींना ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वी याच खोल्यांत मावशींच्या डोक्यात लोखंडी गज बसला होता. माझ्या मते त्यांचा जीव त्याच दिवशी घेतला गेला, फक्त तो निघायला सात वर्षं लागली.

विद्यापीठाने हिंगोलीत दोन खोल्यांचं कामगार हक्क केंद्र काढलं, तेव्हा कायद्याचा सल्ला द्यायला मला नेमलं होतं. सुरुवातीला कुणी फिरकत नसे. मग एका दुपारी जिल्ह्यातल्याच गोरेगावकडची एक उंच, काळीसावळी बाई आली. त्याच शेवंतामावशी. त्यांनी कमरेचं गाठोडं माझ्या टेबलावर सोडलं. आत रक्ताने कडक झालेली ब्लाउजची बाही आणि हिरव्या बांगड्यांचे तुकडे होते. हळद कारखान्यात पॉलिशच्या ड्रमचा पट्टा फिरत असताना त्यांच्या शेजारणीची, रुक्मिणची, बाही त्यात अडकली आणि कोपरापासून हात ओढला गेला. मशीन बंद होईपर्यंत मावशींनी रुक्मिणला कमरेला मिठी मारून मागे खेचून धरलं होतं. मालकाने ड्रम पाण्याने धुऊन घेतला, त्याच दिवशी पुन्हा चालू केला, आणि रुक्मिण आपल्याकडे कामालाच नव्हती असं पोलिसांना सांगितलं. "लिवा मॅडम," मावशी म्हणाल्या, "तिचा हात तिथंच ऱ्हायला, अन् ह्यो म्हणून राहिला, ती तिथं नव्हतीच."

मी लिहून घेतलं. नंतर मावशी एकेक करून आणखी दहा बायकांना घेऊन आल्या. अकरा जणींचे जबाब आतल्या खोलीतल्या कपाटात जमा झाले आणि ही गोष्ट बाहेर फुटली.

मग एक दिवस भर दुपारी सहा माणसं आली. हातात गज आणि कुऱ्हाडीचे दांडे. मी आणि रुक्मिण आतल्या खोलीत कागद लावत होतो, मावशी बाहेरच्या खोलीत. त्यांनी पहिल्या फटक्यात टेबलाची काच फोडली आणि कपाट कुठे आहे म्हणून विचारलं. मावशींनी आतलं दार ओढून घेतलं आणि त्याला पाठ लावून खाली बसल्या. "कडी लावा," त्या ओरडल्या. मी लावली. नंतर जे झालं ते मी पाहिलं नाही, ऐकलं. लाकडावर बसलेल्या फटक्याचा आवाज वेगळा असतो आणि अंगावर बसलेल्याचा वेगळा... मधेच हाड मोडल्याचा, कोरडा. मी दोनदा कडीला हात घातला. दोन्ही वेळा मावशींना ते कळलं असावं, कारण पलीकडून त्यांचा फुटका आवाज आला, "कडी काढू नका, मॅडम." आणि मी काढली नाही. समोरच्या अडतीवरचे हमाल धावत आले, तेव्हा ते सहा जण पळाले. मी दार उघडलं तशा मावशी आत कलंडल्या. जबडा एका बाजूला सरकलेला, फरशीवर दात, आणि केसांतून रक्ताची धार वाहत होती. कपाट शाबूत होतं.

त्या वाचल्या, पण जबडा वाकडाच राहिला आणि फिट सुरू झाल्या. केंद्राला कुलूप लागलं. विद्यापीठाने कारण दिलं सुरक्षिततेचं. कोर्टात समोरचे वकील म्हणाले, साक्षीदाराचं बोलणं समजत नाही. मावशींनी प्रत्येक वाक्य तीन-तीनदा म्हटलं, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ पुसत, आणि एकेकाकडे बोट करून कुणी कुठे मारलं ते सांगितलं. सहाही जणांना शिक्षा झाली. त्यांना पाठवणारा मालक सुटला. पण रुक्मिण त्या कारखान्यात कामाला होती, हे निकालात लिहिलं गेलं.

मावशींना देवपण द्यावं असं मला वाटत नाही. त्या सहांतला एक जण शिक्षा भोगून आल्यावर कळमनुरीच्या बाजारात त्यांना दिसला. त्यांनी वजनाच्या काट्यावरचं किलोचं माप उचललं आणि त्याचं कपाळ फोडलं. त्याला टाके पडले. मी चिडून त्यांच्या घरी गेले, इतक्या वर्षांचं काम एका क्षणात वाया घालवाल म्हणून खूप बोलले. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मॅडम, तुमी ते आतून ऐकलं. म्या भायेरून खाल्लं." त्या दुपारबद्दल त्या माझ्याशी एवढंच बोलल्या. माझ्यावर राग होता का, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. आता तर...

केंद्र उघडावं म्हणून त्या अर्ज घेऊन विद्यापीठात जात राहिल्या. एकदा एका अधिकाऱ्याने पुन्हा सुरक्षिततेचा विषय काढला, तेव्हा त्यांनी पदर खाली घेऊन डोक्यावरची खाच दाखवली. "मार म्या खाल्ला, अन् भ्या तुमाला काहून वाटून राहिलं?" त्याच वर्षी मंजुरी आली.

उद्घाटनाला हळदीच्या कारखान्यांतल्या बायका जीप भरभरून आल्या. हलगी वाजत होती. भाषणं संपल्यावर मावशींनी रुक्मिणला अंगणात ओढलं आणि तिच्या उरलेल्या एका हाताला धरून फुगडी घातली. दोघींचा तोल जात होता, बायका हसत होत्या, पाहुणे खुर्च्या मागे घेत होते. मावशींना फिट येईल म्हणून मी थांबवायला गेले, तर त्यांनी मलाही ओढलं.

त्यांच्या अंत्ययात्रेहून परतले, त्याच्या दुसऱ्या दिवशी एक नवी बाई आली. हळद शिजवताना कढईतलं पाणी अंगावर पडून तिची मांडी भाजली होती, आणि मुकादम तिला ओळखतच नाही म्हणत होता. बोलताना ती सारखी रस्त्याकडे बघत होती. विद्यापीठाने मला नवं टेबल आतल्या खोलीत दिलं होतं. मी शिपायाला बोलावून ते बाहेर आणवलं, आतल्या दाराला माझी पाठ लागेल असं ठेवलं, आणि तिला म्हटलं, तू आत जाऊन निवांत बस, मी इथे आहे.