आवाजाचं नंतर बघू

ताई दवाखान्यात अपॉइंटमेंट द्यायचं काम करायची. जन्मापासून दृष्टी नव्हती, पण त्या खुर्चीत तिचं कुणावाचून अडत नसे. धाकट्या भावानं खास तिच्यासाठी प्रोग्रॅम लिहून तिच्या कॉम्प्युटरवर बसवला होता. माऊसला हात लावायचं कामच नाही. कळ दाबली की डॉक्टर, रिकामी वेळ, पेशंटचं नाव, सगळं हेडफोनमध्ये ऐकू यायचं. पेशंटचं बोलणं संपायच्या आत नोंद झालेली असे. "तुमच्या ताईंना डोळे असते तर आमची काही धडगत नव्हती," असं मोठ्या डॉक्टरीणबाई भावाला म्हणायच्या, आणि सगळ्यांत मोठ्यानं ताईच हसायची.

पुढे दवाखान्याच्या आणखी शाखा निघाल्या. ताईचा प्रोग्रॅम मात्र एकाच कॉम्प्युटरात. इथल्या वेळा तिथं कळेनात, तिथल्या इथं. एकाच वेळेवर दोन पेशंट हजर होऊन भांडू लागले. बाईंनी भावालाच बोलावलं. सगळं क्लाउडवर टाकू, कुठूनही ब्राउझर उघडला की तेच कॅलेंडर दिसेल, असं त्यानं सुचवलं. त्यात चूक काहीच नव्हती.

नवं कॅलेंडर देखणं झालं. रंगीत चौकोन, बोटानं ओढून इकडचे तिकडे करायचे. ताईच्या कानात त्यातलं फक्त "बटन, बटन, बटन" एवढंच पडायचं.

"आवाजाचं नंतर बघू, ताई. आधी हे सुरू तर होऊ दे."

"होऊ दे रे. मला कुठे घाई आहे?"

जुना प्रोग्रॅम बंद झाला. फोन कानाला धरून ताई शेजारच्या खुर्चीतल्या मुलीला विचारू लागली, "अगं, गुरुवारी दुपारी काही रिकामं आहे का?" मुलगी कधी सांगायची, कधी "थांबा हं" म्हणून विसरून जायची. पेशंट तिकडे ताटकळायचे. भावाकडे दुसऱ्या दवाखान्यांची कामं येऊ लागली होती, आणि 'नंतर' म्हटलेलं नंतरवरच राहिलं. ताईला कुणी जा म्हटलं नाही. एक दिवस तिनंच हेडफोनची वायर गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि राजीनामा दिला. घरी सांगितलं, हल्ली कान दुखतात.

खरं कारण भावाला बाईंकडून कळलं, तेव्हा तो चरकलाच. हातातली बाकी कामं बाजूला सारून त्यानं नव्या कॅलेंडरला आवाज बसवला आणि लॅपटॉप घेऊन ताईचं घर गाठलं. तिनं कळा दाबून पाहिल्या. सगळं नीट ऐकू येत होतं.

"छान केलंस."

"मग येतेस परत? बाईंशी बोललोय मी."

"तिथं आता ती मुलगी बसते. चांगली तयार झालीय म्हणे. तिला कुठे उठवू? आणि खरं सांगू, माझी हिंमतच होत नाही."

"तू बोलली का नाहीस गं? माझा कान धरायचास."

"सगळे तुझं कौतुक करत होते. त्यात माझं रडगाणं कुठे लावू?" ताईनं लॅपटॉप त्याच्याकडे सरकवला. "आता वाटतं, लावायला हवं होतं."

त्यानं तो मिटून पिशवीत ठेवला.

ते कॅलेंडर आता बऱ्याच दवाखान्यांत चालतं. काही ठिकाणी तर न दिसणारी माणसंच फोनवर बसतात. हे सांगायला तो ताईला फोन करतो, तेव्हा ती मनापासून खूश होते, त्या माणसांची नावं विचारते, कामाला कशी आहेत ते विचारते. मग ताईच म्हणते, "जेवलास का?"