पुष्पाबाईंचा खुलासा

जळगावच्या कडेला असलेल्या त्या मूकबधिर निवासी शाळेत सगळ्यात मोठा आवाज जीवराम सरांचा. ते मुख्याध्यापक. बारा वर्षं त्यांनी मुलांपुढे ओरडून शिकवलं. त्यात त्यांचा घसा बसला, मुलांच्या कानांवर काहीच परिणाम झाला नाही. हातवारे त्यांना मंजूर नव्हते. हात हलवले की मूल आळशी होतं, असं ते हात हलवून सांगत.

हातांची भाषा नांदायची ती स्वयंपाकघरात. स्वयंपाकीण पुष्पाबाई मूळच्या नरडाण्याच्या, चौथी पास. भाकरी आणखी हवी का, पोट दुखतंय का, घरची आठवण येते का, एवढं कळावं म्हणून त्या मुलांकडून खुणा शिकल्या. दोन तळवे एकमेकांवर थापले की ‘पुष्पाबाई’, असं मुलांनी त्यांचं नाव पाडलं होतं. गणितात कोण अडलंय, हेही शिक्षकांच्या आधी त्यांनाच कळायचं.

शाळा आठवीपर्यंतच होती. राज्यभरातल्या कर्णबधिर शिक्षणाची गुणवत्ता वाढवायची मोहीम निघाली आणि नववीला मान्यता द्यायची की नाही, हे ठरवायला एक साहेब आले. मान्यता नाही मिळाली तर आठवीतली सादिया धुळ्याला घरी जाणार होती. तिच्या घरी तिघांना मिळून तीनच खुणा येत: जेव, झोप, ये.

साहेबांनी फळ्यावर लिहिलं, ‘झाड अन्न कसे तयार करते?’ सादियाचे हात भराभरा चालू लागले. साहेबांनी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे.

“काय म्हणते ती?”

“अं... प्रयत्न करतेय, साहेब.”

शेवटी शिपाई धावत स्वयंपाकघरात गेला. पुष्पाबाई पिठाचे हात पुसत आल्या, सादियाकडे बघू लागल्या.

“साहेब, ती म्हनस, पान म्हंजे झाडनी चूल शे. ऊन म्हंजे जाळ. मुळ्या पानी वढतस, पान हवा खेचस, मंग सैपाक व्हस.”

साहेबांच्या कपाळावर आठी. “हे ती सांगतेय की तुम्ही?”

“माले काय माहीत, साहेब? मी चौथी. माले तं आजलोंग वाटे, झाड खत खाई जगस!”

मान्यता आली. अहवालात ‘मुख्याध्यापकांच्या आधुनिक अध्यापन पद्धतीचा’ खास उल्लेख होता. सरांच्या सत्काराला नारळ आला. तो पुष्पाबाईंनीच फोडला आणि त्याची चटणीही केली. शिक्षकांना खुणांचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं. ते ऑनलाइन झालं आणि शिक्षकांनी ते कॅमेरा बंद ठेवून श्रद्धेनं ऐकलं.

जूनपासून नववी भरू लागली. सर बोलत, पुष्पाबाई शेजारी उभ्या राहून ते हातांनी सांगत. अर्थात नोकरी स्वयंपाकिणीचीच. पंधरा दिवसांत त्यांना नोटीस मिळाली: ‘दुपारच्या जेवणास पस्तीस मिनिटे उशीर. लेखी खुलासा करावा.’

पुष्पाबाईंना वाचता येई; लिहिणं सहीपुरतंच. त्यांनी सादियाला बोलावलं, हातांनी सांगत गेल्या आणि ती लिहीत गेली:

‘महोदय, आज विज्ञानाचा धडा होता. सादियाला एक गोष्ट तीनदा कळली नाही, म्हणून मी चौथ्यांदा सांगितली. तोपर्यंत वरण शिजवायची वेळ टळली. उद्या धड्याचा अवघड भाग आहे, तेव्हा उद्याही उशीर होईल. मुलांना विचारले. भुकेबद्दल तक्रार आहे, उशिराबद्दल नाही. आपली, पुष्पाबाई.’

दुसऱ्या दिवशी सरांनी लाल पेन काढून कागद दोनदा वाचला. चूक सापडेना.

“हे लिहिलं कोणी?”

पुष्पाबाईंनी सादियाकडे बोट दाखवलं.

सरांनी कागद झेरॉक्सला पाठवला, विद्यार्थिनीच्या भाषिक प्रगतीचा पुरावा म्हणून अहवालाला जोडायला. मग घड्याळ बघत विचारलं, “आजचं वरण झालं का?”

“नाही, सर. आज अवघड भाग शे. चला वर्गात.”