वाचणारी गेल्यावर आलेलं पत्र

सुमनआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी आर्णीच्या बसस्टँडवर होते. यवतमाळला पोचले, सगळं उरकलं, तरी रडू आलं नाही. रडले ते तीन आठवड्यांनी, आणि तेही संतापानं. तिच्या नावानं नागपूरच्या सरकारी अभिलेखागाराचं पत्र आलं होतं... वह्यांच्या वाचनास मंजुरी देण्यात येत आहे, वाचकाने ओळखपत्रासह समक्ष हजर राहावे. समक्ष! कुठून आणू आता तिला?

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. टायपिंग-शॉर्टहँडचा क्लास चालवण्यात तिचं आयुष्य गेलं. शॉर्टहँड तिला शिकवलं माझ्या आजोबांनी. ते सरकारी स्टेनो होते. देश नुकता स्वतंत्र झाला होता आणि आशियातल्या देशांत एक सदिच्छा मंडळ गेलं, त्यात भाषणं उतरवायला आजोबा होते. छापील अहवालात फक्त भाषणं आली. आजोबांच्या बारा वह्यांत मात्र बाकीचं सगळं होतं. एका मेजवानीत पानात सगळंच सामिष आलं, आपल्या मंडळींनी नुसता भात खाल्ला, आणि यजमानीणबाई आत जाऊन रडली... हे कुठल्या अहवालात सापडणार? त्यात आजोबांच्या खुणा घरच्या. भाषणांत 'मैत्री' हा शब्द इतक्यांदा यायचा की कंटाळून त्यांनी त्यासाठी विळ्यासारखी एक बारीक खूण ठेवली होती. पुस्तकी शॉर्टहँड येणाऱ्यालाही त्या वह्या लागायच्या नाहीत. वाचू शकायची ती एकटी आत्या.

आणि या भोळ्या बाईनं अकरा वह्या अभिलेखागाराला देऊन टाकल्या, झेरॉक्ससुद्धा न काढता! "सरकारच्या कामाचे कागद हायेत, सरकारकडंच पायजेत," म्हणाली. अट एकच, वाचून उतरवून मी देईन, फुकट. तिथल्या बाबूनं वह्या चाळल्या आणि नोंदवहीत लिहिलं, 'रेघोट्या, अवाचनीय.' तिच्यासमोर! मी सोबत होते.

"अरे बाप्पा, रेघोट्या कायच्या? बस इथं, आत्ता वाचून दाखवते तुले."

"मावशी, साहेबांची परवानगी लागते."

त्या परवानगीसाठी ती चारदा एसटीनं नागपूरला गेली. गुडघे धरलेले, पिशवीत तासून ठेवलेल्या पेन्सिली. चारही वेळा दिवसभर बाकड्यावर बसवून परत पाठवली. साहेब मीटिंगमध्ये, साहेब दौऱ्यावर, फाइल सापडत नाही. शेवटच्या खेपेला ती म्हणाली होती, "मी मेल्यावर बलावतीन काय हे?" मी हसले होते. लाज वाटते आता. कारण राग फक्त त्यांच्यावर काढून माझी सुटका नाही. तिनं मलाही विचारलं होतं, "तू शिकून घे ना पोरी." आणि मी शहाणी म्हणाले, आत्या, आता कोण शॉर्टहँड शिकतं? माझ्या हट्टी नकारावर तिनं एवढंच केलं, ती 'मैत्री'ची खूण तेवढी मला दाखवून ठेवली.

बारावी वही तिनं स्वतःजवळ ठेवली होती, अर्धी उतरवून झाली होती म्हणून. ती अजून टेबलावर उघडी आहे, शेजारी तिनं उतरवलेले कागद आणि पेन्सिल. काल मी त्या कागदांतलं शेवटचं पान वाचलं. आत्याच्या ठसठशीत अक्षरात मंडळ एका खेड्यात थांबतं, भाताच्या खाचरातून एक बाई वर येते, पाय चिखलानं भरलेले, आणि मंडळाच्या प्रमुखांना विचारते की...

आत्याचं उतरवणं तिथंच थांबलंय. पुढं आजोबांच्या वहीत त्या उघड्या पानावर अजून दोन ओळी आहेत. त्यात विळ्यासारखी खूण तीनदा आली आहे, तेवढी मला ओळखता आली. त्या बाईनं काय विचारलं, ते आता कुणालाच वाचता येणार नाही.