पेवातल्या बाया

दारू पिणारी माणसं जगात रग्गड आहेत, विकणारीही कमी नाहीत. पण दारूला अंगावरच्या लेकरासारखं जपणारा माणूस उभ्या वऱ्हाडात एकच होऊन गेला, आणि माझं नशीब असं की तो नेमका माझा सासरा निघाला. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. मामाजी वाशीमच्या कोर्टात वकिली करत. कपाळाला गंध, डोक्याला रुमाल, अंगात उन्हाळ्यातही काळा कोट. हा माणूस पाणीसुद्धा गाळून पीत असेल असं त्यांना पाहून कुणालाही वाटे, आणि तसं ते पीतही. मात्र विलायतेहून आलेली पोर्ट नावाची गडद तांबडी, गोडसर दारू हे त्यांचं एकुलतं एक वेड होतं. पीत म्हणाल तर किती? माझ्या बायकोच्या बारशात आलेली एक चांदीची वाटी होती, तीही काठोकाठ नाही. आणि तीदेखील खटला हरले तरच! जिंकल्यावर पक्षकार पेढे आणून देतो, हरल्यावर कुणी विचारत नाही, म्हणून स्वतःची विचारपूस स्वतःच करायची, असा त्यांचा हिशेब. दुर्दैवानं मामाजी हुशार वकील होते. त्यामुळे बाटल्या संपता संपत नसत.

वऱ्हाडातल्या उन्हात बाटलीतली पोर्ट काही दिवसांत काढ्यासारखी होते. पण मामाजींच्या अंगणात एक जुनं पेव होतं. पूर्वी ज्वारी साठवायला जमिनीत असे खोल खड्डे खोदत. वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड आणि आत एक अख्खी खोली. घरात ज्वारीच्या कोठ्या आल्या, पेव रिकामं पडलं, आणि मामाजींनी तिथं बाटल्यांचा संसार मांडला. बाटली उभी ठेवायची नाही, आडवी निजवायची, म्हणजे बूच ओलं राहतं, हे त्यांचं पहिलं शास्त्र. त्यासाठी मंगरूळच्या एका म्हाताऱ्या सुतारचाचांना बोलावून लाकडी घोड्या करवून घेतल्या होत्या. चाचांनी रंधा मारता मारता विचारलं होतं, "वकीलसाब, ये पालना किसके वास्ते?" मामाजी म्हणाले, "बाटल्यांसाठी." चाचांनी रंधा खाली ठेवला, जरा विचार केला, पुन्हा उचलला आणि म्हणाले, "दवाई की होंगी. ऊपर जो लिखा है वो ऊपरवाला पढ़ लेगा. मेरे को पढ़ना नहीं आता." काम मात्र असं गुळगुळीत केलं की खरोखरीचं बाळ निजवावं.

पेवात उतरण्याआधी मामाजी दोरीनं कंदील खाली सोडत. कंदील विझला तर आतली हवा वाईट, हा जुना शेतकरी रिवाज. कंदील नीट जळला की स्वतः उतरत, आणि मी मागोमाग शिडीवरून धडपडत गेलो की ओठांवर बोट ठेवून म्हणत, "हळू बोला, जवाईबापू. झोपून राह्यल्या त्या." सासूबाईंना हे अजिबात खपत नसे. त्या बाटल्यांचं नावसुद्धा घेत नसत. "उठल्या का तुमच्या पेवातल्या बाया?" असं विचारत, आणि मामाजी वर आले की हातपाय धुतल्याशिवाय त्यांना देवघराकडे फिरकू देत नसत.

या बायांचं माहेर होतं अकोल्याला. तिथल्या कॅम्पात एक म्हातारे पारशी शेठ होते. पुढच्या दुकानात साहेब लोकांसाठी सोडा, बिस्किटं, रोजची व्हिस्की. आणि वाळ्याचे पडदे लावलेल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत अस्सल माल. मागच्या खोलीत शिरणं म्हणजे मुलगी बघायला जाण्यासारखं होतं, फक्त चौकशी मुलाची व्हायची. बाटली ठेवणार कुठं? पिणार कुणासोबत? आणि बरोबर खाणार काय? या शेवटच्या प्रश्नावर मामाजी पहिल्याच भेटीत अडकले होते, कारण घर पडलं शाकाहारी. भरल्या वांग्यांचं नाव काढताच शेठनी डोळे मिटले म्हणे. तेव्हा मामाजी म्हणाले, "शेठजी, हिच्या सोबतीले खायचं काही लागत नाई. हिच्या सोबतीले माणूस लागते." शेठनी डोळे उघडले, आणि तिथून दोस्ती जमली. पुढं शेठ मुद्दाम गाडीनं वाशीमला आले, कंदील घेऊन पेवात उतरले आणि इतका वेळ वर आले नाहीत की सासूबाईंनी देवाला हात जोडले. वर आले ते मातीनं माखलेले आणि खूश. "वकील," ते म्हणाले, "माझ्या बापाच्या हातची एकच बाटली उरली आहे. दुकानात ती मरून जाईल. ती तुमच्याकडे देतो. पण उघडाल तेव्हा मला बोलवायचं. एकट्यानं उघडलीत तर माझ्या पायरीवर पाऊल ठेवायचं नाही." मामाजींनी शब्द दिला. पहिल्या नातवंडाच्या बारशाला उघडायची, असंही तिथल्या तिथं ठरलं. ही बाटली मामाजींच्या बाकीच्या बाटल्यांसारखीच काळी, तशीच लाखेनं बंद केलेली. वेगळं होतं ते फक्त तिच्यावरचं लेबल.

आता माझा प्रवेश. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळसणाला मी वाशीमला गेलो. जावयानं दिवाळसणात पाटावर बसावं, खावं आणि रुसावं. याहून अधिक अपेक्षा त्याच्याकडून कुणी करत नाही. पण मी पडलो शाळामास्तर. रिकामं बसलं की मला घाम फुटतो. धनत्रयोदशीला मामाजी एका पक्षकाराकडे इंझोरीला गेले होते. घरात तांब्यापितळेची भांडी घासून झाली होती, आणि सासूबाई आपल्या मुलीला हसत म्हणाल्या, "साऱ्या घराची आंघोळ झाली बाई. आता पेवातल्या बायाच तेवढ्या पारोश्या राह्यल्या."

विनोद कळण्यात माझा पहिल्यापासून हात आखडता. मी गुपचूप कंदील सोडला, पेवात उतरलो, एकेक बाई काखोटीला मारून वर आणली आणि घंगाळभर कढत पाण्यात रिठा कालवून, नारळाच्या शेंडीनं घासघासून सगळ्यांना अभ्यंगस्नान घातलं. काय धूळ होती! लेबलांचे मळके कपटे तर पाण्यावर तरंगायलाच लागले. ते मी बाजूला काढून फेकणार होतो. माझ्या हातून घडलेलं एकमेव पुण्यकर्म म्हणजे ते फेकायचे राहून गेले. मग सगळ्या बाटल्या तुळशीपाशी उन्हात ओळीनं उभ्या केल्या आणि स्वतःवर खूश होऊन मामाजींची वाट पाहत ओट्यावर बसलो.

मामाजी आले. दारातच थबकले. डोक्यावरचा रुमाल काढून हातात घेतला आणि तसेच पायरीवर बसले. घरातून सासूबाई बाहेर आल्या, त्यांनी पाहिलं, आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला. बायको माझ्याकडे असं पाहत होती की तिनं माझं नाव उखाण्यात घेतलं होतं यावर कुणाचा विश्वास बसला नसता. दुसरा कुणी असता तर मामाजींनी त्याला पेवात कोंडला असता. पण जावई, त्यातून दिवाळसणाचा! त्याला कोण बोलणार? मामाजी एवढंच म्हणाले, "लई चकचकीत झाल्या."

"हो ना!" मी म्हणालो.

"पाणी गार होतं का गरम?"

"कढत. रिठा घातला होता."

"हं. बरं केलं." मग मान खाली घालून, "उन्हातून उचला तेवढ्या. त्याईले ऊन सोसत नाई."

ओले कपटे त्यांनी स्वतः गोळा केले, वाळवले आणि एका डबीत ठेवले. हरवलेल्या लेकरांचे कपडे ठेवावेत तसे. सासूबाईंनी त्या सणात मला अनारसे नको म्हणेपर्यंत वाढले. शिक्षा म्हणून की समजूत म्हणून, ते अजून कळलेलं नाही.

पुढच्या खेपेला मामाजी मला अकोल्याला घेऊन गेले. चुकीची भरपाई म्हणून मी जाणकारासारखा चेहरा केला आणि शेठना विचारलं, "यांत ताजी कोणती?" शेठनी चष्मा लावला, मला नीट पाहिलं आणि म्हणाले, "ताजं पाहिजे तर भाजीबाजार पलीकडच्या गल्लीत आहे." मग मामाजींकडे वळले. "वकील, ती कशी आहे? नीट आहे ना?" मामाजींच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "ठीक हाये," ते म्हणाले. "आंघोळ करून, स्वच्छ होऊन निजली हाये." कोर्टात शपथेवर मान्य झालं असतं असं ते उत्तर होतं. जावयाचं नाव त्यांनी तिथंही ओठावर येऊ दिलं नाही.

आमची मुलगी वाशीमलाच झाली. बारशाला शेठ आले. फार वाळले होते, काठी टेकत होते. बाळासाठी त्यांनी चांदीची वाटी आणली होती. बायकांची गाणी, नाव ठेवणं आटोपलं आणि संध्याकाळी ओट्यावर आम्ही तिघं उरलो. मामाजी कंदील घेऊन पेवात उतरले. मी वर दोरी धरून उभा होतो आणि मनात नवस बोलत होतो. खाली ते बराच वेळ नुसते उभे राहिले. कंदिलाचा उजेड एकीवरून दुसरीवर जात होता. शेवटी त्यांनी एक उचलली.

बूच निघालं. एक माझ्या बायकोच्या बारशाची वाटी, एक माझ्या लेकीच्या बारशाची. शेठनी घोट घेतला, डोळे मिटले. मामाजी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि मी मामाजींच्या. अंगणातला झाडू मारायचा आवाजसुद्धा थांबला होता. सासूबाई दाराआड उभ्या होत्या.

"वकील," शेठ म्हणाले, "छान सांभाळलीत. माझा बाप खूश झाला असता."

स्टेशनवर पोचवायला दमणीतून मी गेलो. वाटेत शेठ म्हणाले, "जावई, ती ही नव्हती. ही मीच त्यांना पूर्वी कधीतरी विकलेली. लेबल कुणी काढलं?"

मी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. शेठ इतके हसले की बैलांनी कान टवकारले. "मला वाटलंच. वकिलानं कुणाचं नाव घेतलं नाही, तेव्हाच वाटलं. त्याला सांगू नका हं मला कळलं ते. उगीच शोधत बसेल."

घरी परतलो तर मामाजी तिथंच, ओट्यावर. "पोचले शेठ? नीट बसवलं ना गाडीत?" मी हो म्हणालो. ते वाटी पुसत होते. "ती नवती ती, जवाईबापू. मले पहिल्या घोटात समजलं. पण पाहा, माणूस किती मोठा! माह्या घरी, माह्या नातीच्या बारशात, तोंडावर खोटं बोलला. तुमी त्याईले सांगू नोका मले समजलं म्हणून."

दोन्ही बाजूंचं गुपित एकाच वकिलाकडे असावं तसा मी मध्ये बसून राहिलो. शेठ पुन्हा वाशीमला आले नाहीत. त्याच पावसाळ्यात ते गेले. त्यानंतर मामाजी खटला हरले की बाटली उघडताना दोन वाट्या मांडत. दुसरीत काही ओतत नसत. आणि म्हातारपणी ते बऱ्यापैकी हरायला लागले होते.

एका हिवाळ्यात मी गेलो असताना असाच कुठलासा दावा ते हरून आले. बाटली उघडली, वाटी तोंडाला लावली आणि तशीच धरून राहिले. मग दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. "आली," ते हळूच म्हणाले. "हेच ती."

मग त्यांनी दुसरी वाटी पुढं ओढली, तीत थोडी ओतली आणि माझ्यासमोर ठेवली. मी उभ्या जन्मात तोवर थेंब घेतला नव्हता. पण शब्द दिलेला होता, आणि ज्याला दिला तो आता यायचा नव्हता. मी वाटी उचलली. खरं सांगतो, मला ती खोकल्याच्या औषधासारखी लागली. डोळ्यांत पाणी आलं ते त्यामुळेच, असं मी तेव्हा धरून चाललो.

"कशी हाये?" मामाजींनी विचारलं.

"छान," मी म्हणालो. "फार छान सांभाळलीत."

मामाजी माझ्याकडे पाहत राहिले. रिठ्याच्या त्या दिवसापासून आत कुठंतरी दाबून ठेवलेलं हसू त्यांच्या मिशांखालून हळूहळू वर आलं.

"शेठसारखंच खोटं बोलता तुमी, जवाईबापू," ते म्हणाले, आणि माझ्या वाटीत आणखी थोडी ओतली.