ठिपक्यांची उसनी जर्सी

येत्या रविवारी मला आटपाडीला जायचं आहे. तिथल्या सायकल चालवणाऱ्या पोरांना शर्यतीतल्या जर्सींचा अर्थ सांगायचा आहे. काम सोपं आहे, असं कालपर्यंत वाटत होतं.

फौजेत असताना मी सायकलच्या शर्यती खेळलो. निवृत्तीनंतर साताऱ्यात राहिलो आणि आमच्या भागातल्या तीन दिवसांच्या शर्यतीत पंचांच्या हाताखाली काम करू लागलो. आटपाडीकडच्या एका मेंढपाळाचा मुलगा माझ्याकडे शिकायला यायचा. बऱ्याच वर्षांपूर्वी तो या शर्यतीत उतरला, त्याची ती पहिलीच शर्यत. नियम त्याला ठाऊक होते ते माझ्याकडून ऐकलेले तेवढेच.

आज पहिला आला त्याला पिवळी जर्सी, असं लोकांना वाटतं. तसं नसतं. सगळ्या दिवसांचा मिळून ज्याला सर्वांत कमी वेळ लागलेला असतो, त्याची पिवळी. चढांवर आधी पोचून गुण मिळवतो, त्याची पांढरी, लाल ठिपक्यांची. एवढं मी त्याला शिकवलं होतं. एक नियम सांगायचा राहिला. दोन्हीकडे एकच गडी पुढे असेल, तर तो पिवळी घालतो आणि ठिपक्यांची दुसऱ्या दिवशी चढांतला दुसऱ्या नंबरचा गडी घालून फिरतो. नुसता घालतो. ती त्याची नसते.

दोन दिवसांनंतर नेमकं तसंच झालं, आणि चढांत दुसरा होता माझा हा पोरगा. तिसऱ्या दिवशी सकाळी साताऱ्यात मी ती जर्सी घेऊन त्याच्याकडे गेलो. मेंढरं भावावर टाकून त्याचे वडील, अण्णा, एसटीने आले होते.

"मेजर, ही कशाची म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"घाटात पुढं असतो त्याची."

"म्हंजी घाटात आमचं पोरगं म्होरं?" ते हसले. "आवं, माळावरचं पोर ते! घाट कवा बघितला यानं?" हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि स्वतःच्या हातानं जर्सी त्याच्या डोक्यातून घातली.

उसनी आहे, असं म्हणायला मी तोंड उघडलं. म्हणालो, "चेन बघून घे रं."

यवतेश्वरचा घाट चढून माथ्यावर पिवळी जर्सीवाला पहिला पोचला, हा दुसरा. एकूण वेळेत आमचा पोरगा बराच मागे होता, उतारावर जिवावर उदार व्हायची काही गरज नव्हती. पण पुढे आणखी एक चढ होता, आणि त्याआधी त्याला पिवळीवाल्याला गाठायचं होतं. मी मागच्या जीपमध्ये होतो.

"मेजर, तुमचं पोरगं पिसाळलंय का काय?" ड्रायव्हर म्हणाला. "आवरा की त्याला!"

मी खिडकीतून ओरडलो, "हळू!"

"जर्सी जाईल, मेजर!" तो मागे न बघता ओरडला.

वळणावर खडी होती. आम्ही पोचलो तेव्हा तो कठड्याला टेकून बसला होता आणि त्याचं कोपर भलतीकडेच वळलं होतं.

"गेली का?" त्यानं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. तेही खोटंच.

गावानं 'घाटाचा राजा' म्हणून त्याचा फलक लावला. फाटकी जर्सी घरात काचेच्या चौकटीत गेली. पंचांनीही ती परत मागितली नाही, आणि मी गप्प राहिलो.

काल तो आमंत्रण घेऊन घरी आला. आता त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि तो पोरं तयार करतो. ते कोपर अजून पुरतं वळत नाही, त्यामुळे चहा पिताना मानच कपाकडे नेतो. "जर्सी आणून ठेवतो," म्हणाला. "पोरांना तुमी सांगा तिचं."

तेव्हा मात्र राहवलं नाही. मी सगळं सांगितलं.

त्यानं कप खाली ठेवला. "म्हंजी ज्याच्या मागं पळत हुतो, त्याचीच व्हती ती?"

"होय."

"मग मेजर, मी पडलो कशापायी?"

तो उठला, चपला घातल्या आणि दारातच थांबला.

"रविवारी या," तो म्हणाला. "पोरांना आधी हेच सांगा. अण्णा म्होरल्या रांगेत बसतील. त्यांना मी सांगणार न्हाई."

पोरांसाठीची वाक्यं मी मनाशी जुळवून ठेवली आहेत. पण अण्णा त्या चौकटीकडे बोट दाखवून पुन्हा विचारतील, "मेजर, ही कशाची म्हणायची?" तिथपर्यंत आलो की माझी वाक्यं तुटतात.